एक माप, चार वह्या

(आकाशवाणीवर प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे त्याचं नाव थोडं जड आहे. यंत्रअभियांत्रिकीत संगणकाच्या मदतीने होणारं आरेखन, विश्लेषण आणि उत्पादन, आणि या तिघांची एकमेकांशी सांधेजोड. इंजिनिअरिंगची मुलं त्याला कॅड, सीएई आणि कॅम म्हणतात. नाव ऐकून रेडिओ बंद करू नका. विषय आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे, हे मी आधी एका चुकीच्या गोष्टीवरून सांगतो. चूक माझीच होती.

साल १९९४. नगरच्या एका छोट्या कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो. दुचाकीला लागणारा एक ब्रॅकेट आम्ही बनवत असू. साधा लोखंडी पत्र्याचा, दोन भोकांचा. ग्राहक कंपनीकडून पत्र आलं की दोन भोकांमधलं अंतर ८४ मिलिमीटरऐवजी ८६ करा. मी ट्रेसिंग पेपरवरची जुनी रेघ ब्लेडने खरवडली, नवी काढली, आकडा बदलला आणि अमोनिया प्रिंट काढून कारखान्यात पाठवून दिली. भोकं पाडण्यासाठी जे जिग वापरायचे, त्याचं ड्रॉइंग मात्र वेगळ्या कागदावर होतं. तो कागद कपाटात तसाच राहिला. त्यावरही ८४ हा आकडा होता, आणि तो मी बदलला नव्हता.

चारशे ब्रॅकेट ८४च्या भोकांनी तयार झाले. जोडीच्या भागावर एकही बसेना. सगळा माल भंगारात किलोवर गेला. मालकांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. त्यामुळे तर ती रात्र जास्त जड गेली.

दुसऱ्या दिवशी कळलेली गोष्ट मला आजवर टोचते. आमच्याकडे एक वयस्कर फिटर होते. पहिला नग हातात आला तेव्हाच त्यांनी तो जोडीच्या भागावर ठेवून पाहिला होता. बसत नाही हे त्यांना दिसलं होतं. त्यांनी ते सांगितलंही होतं. उत्तर मिळालं, "ड्रॉइंगप्रमाणे आहे ना? मग चालू द्या." त्यांनी चालू दिलं.

माझी चूक आकड्याची नव्हतीच. आकडा मी बरोबर बदलला होता. पण एकच माप चार वह्यांत लिहिलेलं होतं: भागाच्या ड्रॉइंगमध्ये, जिगच्या ड्रॉइंगमध्ये, तपासणीच्या तक्त्यात आणि स्टोअरच्या नोंदीत. एका वहीत दुरुस्ती झाली, बाकीच्या तीन तशाच राहिल्या. शेतकरी श्रोत्यांना हे लगेच समजेल. जमिनीचं खरेदीखत होतं, पैसे दिले जातात, पण फेरफार नोंदवायचा राहतो. मग सातबारावर जुनंच नाव दिसत राहतं आणि पुढच्या पिढीत भांडण उभं राहतं. कारखान्यातही तेच होतं, फरक इतकाच की तिथे भांडणाऐवजी भंगार तयार होतं.

संगणकाने या चार वह्यांची एक वही करावी, अशी ही सगळी कल्पना आहे.

तीन घरांत जन्मलेली तीन भावंडं

ही तीन तंत्रं एका घरात जन्मली असती तर जोडणी सोपी गेली असती. तसं झालं नाही. सर्वांत थोरलं भावंड उत्पादनाचं. १९५२ साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेत छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीवरच्या आकड्यांनी चालणारं मिलिंग मशीन लोकांना दाखवण्यात आलं. मधलं भावंड विश्लेषणाचं. विमानाच्या पंखांवर आणि धरणाच्या भिंतींवर किती ताण येतो हे काढण्यासाठी ते वाढलं, आणि १९६० साली रे क्लॉ या प्राध्यापकांनी त्याला 'फायनाइट एलिमेंट' हे नाव दिलं. धाकटं भावंड आरेखनाचं. १९६३ साली आयव्हन सदरलँड या तरुण संशोधकाने एमआयटीतच 'स्केचपॅड' तयार केलं. पडद्यावर प्रकाशाच्या पेनाने रेघ काढायची आणि संगणकाने ती लक्षात ठेवायची, हे तिथे पहिल्यांदा नीट जमलं.

तिघांची भाषा वेगळी, गरज वेगळी, वापरणारी माणसं वेगळी. आपल्या नगरमध्ये १९७२ साली किनेटिकची लूना आली, तेव्हा हे सगळं प्रयोगशाळांत आणि विमान कंपन्यांत होतं. आपल्याकडे ड्रॉइंग म्हणजे टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर आणि हाताची स्थिरता. ऑटोकॅड १९८२ साली आलं आणि साध्या संगणकावर रेघा काढता येऊ लागल्या. आमच्या कारखान्यात ते पोचायला आणखी दहा-बारा वर्षं लागली. आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला आम्ही संगणकाचा उपयोग महागड्या ड्रॉइंग बोर्डासारखाच केला. रेघ स्वच्छ आली, पण वह्या चारच राहिल्या.

खरा बदल त्रिमिती मॉडेलने झाला. कागदावर वस्तूची तीन चित्रं असतात, समोरून, वरून आणि बाजूने, आणि ती वस्तू पाहणाऱ्याच्या डोक्यात तयार होते. त्रिमिती मॉडेलमध्ये वस्तू संगणकातच तयार होते, मापांसकट. १९८०च्या दशकाच्या शेवटी अशी सॉफ्टवेअर आली की ज्यांत ८४चा आकडा ८६ केला की भोक स्वतःहून सरकतं, ड्रॉइंगवरचा आकडा बदलतो, जोडीच्या भागातलं भोकही बदलतं, आणि मशीनने हत्यार कुठून न्यायचं तो मार्ग नव्याने मोजता येतो. माझ्या चारशे ब्रॅकेटचं औषध ते हेच.

खड्डा संगणकाला दिसत नाही

विश्लेषण म्हणजे काय ते थोडं सांगतो. वाकड्यातिकड्या बांधाच्या शेताचं क्षेत्रफळ मोजणीदार कसं काढतात? शेताचे त्रिकोण पाडतात. प्रत्येक त्रिकोण सोपा असतो, सगळ्यांची बेरीज केली की शेत होतं. संगणक हेच करतो. ब्रॅकेटचे हजारो लहान तुकडे पाडतो, प्रत्येक तुकडा किती ओढला जातो, किती दाबला जातो ते मांडतो, शेजारच्या तुकड्यांशी जुळवतो आणि मग पडद्यावर रंग दिसतात. निळा म्हणजे आराम, लाल म्हणजे धोका.

रंग पाहून मन भुलतं. आमच्या ओळखीच्या एका फॅब्रिकेटरकडे ऊसवाहतुकीच्या ट्रॉलीचा दांडा, म्हणजे ट्रॅक्टरला अडकवायचा भाग, हलका करायचं काम आलं होतं. एका हुशार मुलाने मॉडेल केलं, विश्लेषण केलं, सगळीकडे निळा रंग. दांडा हलका झाला, पोलाद वाचलं. गाळप हंगाम सुरू झाला आणि दुसऱ्या महिन्यात वेल्डिंगच्या कडेला तडे दिसू लागले.

मुलाचं गणित चुकलं नव्हतं. त्याने उभ्या ट्रॉलीचा भार दिला होता. आपल्याकडची ट्रॉली उभी नसते. ती क्षमतेपेक्षा जास्त भरलेली असते आणि शेतातून बांधावर, बांधावरून खड्ड्यातून कारखान्याकडे जाते. एकदा बसलेल्या मोठ्या धक्क्याने जे तुटत नाही, ते लाख वेळा बसलेल्या लहान धक्क्यांनी तुटतं. याला आम्ही थकवा म्हणतो, माणसासारखाच. शिवाय मॉडेलमध्ये वेल्ड म्हणजे अखंड धातू धरला होता. खरा वेल्ड तसा कधीच नसतो. रस्त्यातला खड्डा संगणकाला दिसत नाही, तो आपण सांगावा लागतो. आणि सांगण्यासाठी आधी कुणीतरी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून त्या रस्त्याने जाऊन यावं लागतं.

या बाबतीत आपल्या जिल्ह्याइतकं चांगलं उदाहरण दुसरीकडे सापडणं कठीण. वाहननगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे, व्हीआरडीई. तिचं मूळ फाळणीपूर्वी रावळपिंडीजवळच्या चकलाला इथलं. फाळणीनंतर ती नगरला आली. लष्करी गाड्यांचं संशोधन तिथे होतंच, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांखाली नव्या गाड्यांची चाचणी करण्याचा अधिकार ज्या मोजक्या संस्थांना आहे, त्यांतही ती आहे. टाटा मोटर्सबरोबर मिळून विकसित केलेली आठ चाकांची, पाण्यातही चालणारी चिलखती गाडी या संस्थेची. अशी गाडी आधी संगणकावर घडते, हे खरं. पण संगणकात ती कितीही भक्कम दिसली तरी खडबडीत ट्रॅकवर तिला खडखडत चालवल्याशिवाय कुणी तिच्यावर सही करत नाही. विश्लेषणाने चाचणी बंद होत नाही. दहा नमुने बनवून तोडायचे होते तिथे दोनच बनवावे लागतात. वाचलेले आठ नमुने ही विश्लेषणाची कमाई.

हत्यार, ऊन आणि केसभर फरक

आता तिसरं भावंड, उत्पादन. मॉडेलवरून मशीनचा प्रोग्रॅम तयार होतो. त्यात अक्षरं आणि आकडे असतात. जी-०० म्हणजे झपाट्याने जा, जी-०१ म्हणजे ठरलेल्या वेगाने सरळ रेषेत कापत जा. गोल कटर १० मिलिमीटरचा असेल तर त्याचं केंद्र जॉबच्या कडेपासून ५ मिलिमीटर दूर ठेवून फिरवावं लागतं. हे गणित संगणक क्षणात करतो. पण कटर दोनदा धार लावून ९.८ मिलिमीटरचा झाला असेल आणि संगणकाला ते ठाऊक नसेल, तर प्रत्येक कडेवर ०.१ मिलिमीटर धातू शिल्लक राहतो. चांगला ऑपरेटर हे मोजतो, मशीनवर दुरुस्ती टाकतो आणि काम पुढे चालवतो. ही दुरुस्ती मशीनपाशीच राहते. डिझाइनच्या खोलीत बसलेल्याला तिचा पत्ताही नसतो. क्लॅम्पचंही तसंच. मॉडेलमध्ये जॉब हवेत तरंगत असतो, मशीनवर तो क्लॅम्पने धरलेला असतो. क्लॅम्प मॉडेलमध्ये दाखवला नसेल तर हत्यार त्यावर जाऊन आदळतं, आणि तो आवाज ज्याने ऐकला आहे तो तो विसरत नाही.

आपल्या भागातलं ऊनही यात हात घालतं. जगभर मापाचा मानक म्हणजे २० अंश सेल्सिअस. पोलाद तापलं की एक मीटरमागे दर अंशाला साधारण १२ मायक्रॉन वाढतं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४० अंशाला बनवलेला ३०० मिलिमीटरचा जॉब ग्राहकाच्या वातानुकूलित तपासणी खोलीत गेला की सुमारे ०.०७ मिलिमीटर आखडतो. म्हणजे साधारण एका केसाची जाडी. मोठ्या गेटसाठी ते काहीच नाही. बेअरिंगच्या बैठकीसाठी मात्र तेवढ्याने माल परत येतो.

म्हणून सांधेजोड तिघांची म्हटली तरी ती चौघांची असते. चौथी तपासणी. बनलेला भाग मोजून ते आकडे परत मॉडेलपाशी आणले तरच वर्तुळ पूर्ण होतं. नाहीतर माहिती डिझाइनकडून शॉपफ्लोअरकडे वाहते आणि तिथेच जिरते.

मोठ्यांनाही चुकलं नाही

कुणाला वाटेल, ही लहान कारखान्यांची रड आहे. तर एअरबस कंपनीचं उदाहरण घ्या. ए-३८० हे जगातलं सर्वांत मोठं प्रवासी विमान. त्याच्या पोटात सुमारे ५०० किलोमीटर वायर. काही भाग जर्मनीत हॅम्बुर्गला तयार होत, जुळणी फ्रान्समध्ये तूलूझला. दोन्हीकडे एकाच घराण्याचं आरेखनाचं सॉफ्टवेअर होतं, पण एकीकडे जुनी आवृत्ती, दुसरीकडे नवी. बदल एकीकडून दुसरीकडे नीट पोचेनात. वायरींचे जुडगे जोडायला घेतले तर ते आखूड पडू लागले. २००६ साली कंपनीला विलंब जाहीर करावा लागला, पहिलं विमान ग्राहकाला मिळालं ऑक्टोबर २००७ मध्ये, ठरल्यापेक्षा सुमारे दीड वर्ष उशिरा. नुकसान अब्जावधी युरोंचं.

माझे चारशे ब्रॅकेट आणि त्यांच्या वायरी, रोग एकच. पैसा, हुशारी, संगणक, काहीच कमी नव्हतं. दोन वह्या एक झाल्या नव्हत्या, एवढंच.

आपल्या नागापूरचं काय?

हा प्रश्न मला जवळचा आहे. मनमाड रस्त्यावर नागापूरची औद्योगिक वसाहत आहे, पुणे रस्त्यावर सुपे वाढलं आहे. मोठ्या कंपन्यांना भाग पुरवणारी शेकडो लहान वर्कशॉप या पट्ट्यात आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये विजेवर चालणारी ई-लूना बाजारात आली, आणि तिचा सांगाडा बनवण्याचं काम जुनी लूना बनवणाऱ्या किनेटिक इंजिनिअरिंगकडे आलं. म्हणजे कामं बदलतात, गाव तेच राहतं. मात्र कागदावरचं ड्रॉइंग घेऊन काम मिळण्याचे दिवस गेले. आता ग्राहक फाइल पाठवतो. वर्कशॉपला ती उघडता आली पाहिजे, तिच्यावरून फिक्श्चर आणि प्रोग्रॅम करता आला पाहिजे.

इथे दोन अडचणी येतात. पहिली भाषेची. एका सॉफ्टवेअरची फाइल दुसऱ्यात उघडावी म्हणून 'स्टेप' नावाचं आंतरराष्ट्रीय मानक १९९४ साली आलं. त्याने आकार बरोबर पोचतो, पण तो आकार कोणत्या क्रमाने, कोणत्या मापांच्या नात्याने घडला, हे बहुतेक वेळा मागेच राहतं. जणू घर मिळालं, पण नकाशा मिळाला नाही. मग ग्राहकाने एक बदल केला की वर्कशॉपला जवळपास पहिल्यापासून सुरुवात.

दुसरी अडचण पैशाची. आरेखन, विश्लेषण आणि उत्पादन एकत्र असलेल्या सॉफ्टवेअरची किंमत लहान वर्कशॉपला झेपत नाही. मग चोरीची प्रत वापरली जाते. त्याने कायद्याची भीती राहते आणि सवयही बिघडते. यावर एक मार्ग आहे. फ्रीकॅड नावाचं पूर्णपणे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर २००२ पासून वाढत आलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती आली. त्यात मॉडेल, विश्लेषण आणि मशीनचा मार्ग, तिन्ही एका छताखाली आहेत. महागड्या सॉफ्टवेअरची सफाई त्यात नाही, हे मी वापरून सांगतो. पण ब्रॅकेट, फिक्श्चर, ट्रॉलीचा दांडा, एवढ्यासाठी ते पुरतं, आणि शिकण्यासाठी तर उत्तमच.

शिकण्यावरून आठवलं. लोणी, कोपरगाव, विळद घाट, आपल्या जिल्ह्यात इंजिनिअरिंग कॉलेजं कमी नाहीत. शेजारी छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूमसारखी संस्था आहे, जिथे मुलं प्रत्यक्ष मशीनवर हात काळे करतात. तरी माझ्याकडे नोकरीसाठी येणारी मुलं तीन प्रमाणपत्रं घेऊन येतात, कॅडचं वेगळं, विश्लेषणाचं वेगळं, कॅमचं वेगळं. मी त्यांना एकच काम देतो. दाराची एक साधी कडी आधी मॉडेल कर, किती वजनाने वाकेल ते काढ, मशीनवर स्वतः बनव, मोज, आणि मग खरोखर वजन टांगून पाहा. बहुतेक मुलं तिसऱ्या पायरीवर अडतात. अडलं तर वाईट वाटून घेऊ नये. तिथूनच शिक्षण सुरू होतं. शेवटी हिशेब आणि कडी यांतला फरक त्यांना जेव्हा दिसतो, तेव्हा तिन्ही प्रमाणपत्रं पहिल्यांदा एकत्र येतात.

लहान वर्कशॉपच्या मालकांना माझं सांगणं इतकंच. सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी तीन सवयी लावा, त्यांना पैसा लागत नाही. प्रत्येक ड्रॉइंगवर आणि प्रत्येक प्रोग्रॅमवर बदलाचा क्रमांक असावा, आणि दोन्हीकडचा क्रमांक जुळल्याशिवाय मशीन सुरू होऊ नये. जुनी प्रत ठेवायची नाही, फाडून टाकायची. आणि पहिला नग जोडीच्या भागावर बसवून पाहिल्याशिवाय दुसरा नग करायचा नाही.

ही तिसरी सवय मला कुठल्याही पुस्तकाने शिकवली नाही. ती त्या फिटरकाकांची. चारशे नग भंगारात गेल्यावर मी त्यांच्याकडे गेलो आणि विचारलं, काका, तुम्हाला दिसलं होतं, मग मला येऊन का नाही सांगितलं? ते म्हणाले, "साहेब, तुमच्या खोलीत यायची आम्हाला परवानगी कुठं होती?"

ते खरंच होतं. डिझाइनची खोली वरच्या मजल्यावर, शॉपफ्लोअर खाली, मधे जिना. त्या जिन्यावरून कागद खाली यायचे, वर काही जात नसे. आज माझ्या वर्कशॉपमध्ये संगणक मशीनशेजारी, त्याच शेडमध्ये आहे. धूळ बसते, की-बोर्डवर तेलाचे डाग पडतात, वर्षाला एक की-बोर्ड बदलावा लागतो. पण ऑपरेटर मान वळवून म्हणू शकतो, इथे हत्यार पोचत नाही, कोपऱ्याला थोडी गोलाई द्या. आणि मॉडेल तिथल्या तिथे बदलतं. आरेखन, विश्लेषण आणि उत्पादन यांची सांधेजोड सॉफ्टवेअर कंपन्या करतील तेव्हा करतील. त्या जिन्याची सांधेजोड मात्र आपल्यालाच करावी लागते.